गाडी एका बाजूला बसलीय, आवाजही येतोय. चारही शॉकप बदलू का?

खाजणकाठ (गुहागर)

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय. गणपतीला बारा दिवस उरलेत. एकदा चाकरमान्यांच्या गाड्या यायला लागल्या की इथला एकही मिस्त्री महिनाभर हाताला लागत नाही.

गाडी नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, ८४ हजार किलोमीटर झालेली. घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, म्हणजे गंजाचं माहेरच.

जूनच्या शेवटी आंबा घाटात पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात उजवं पुढचं चाक असं आपटलं की स्टिअरिंगच तिरकं झालं. चिपळूणच्या एका गॅरेजात उजवा लोअर आर्म (चाकाला खालून चॅसीशी जोडणारा दांडा) बदलला, अलाइनमेंट करून घेतलं, गाडी सरळ धावायला लागली. पण तेव्हापासून समोर उभं राहून पाहिलं की गाडी डावीकडे झुकलेली दिसते. टेपने जमिनीपासून मडगार्डच्या कमानीपर्यंत मोजलं. उजवीकडे ६५४ मि.मी., डावीकडे ६३०. जवळजवळ अडीच सेंटीमीटरचा फरक!

शिवाय आवाज. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना जुन्या झोपाळ्याच्या कड्या कुरकुरतात तशी कुरकुर. आणि मधूनच एकदा 'टंग'. तो बहुतेक वेळा खळ्यातून गाडी मागे घेऊन वळवताना येतो.

परत त्याच गॅरेजात गेलो. बोनेट दोनदा दाबून पाहिलं आणि निकाल दिला: चारही शॉकप बसलेत, १८ हजार होतील. शॉकप दोनच वर्षांपूर्वी बदललेत म्हटलं, तर म्हणे आपल्याकडच्या रस्त्यांवर दोन वर्षं म्हणजे खूप झाली.

आमचा गणपती शाळेतून (मूर्ती घडवतात त्या कारखान्याला आमच्याकडे शाळा म्हणतात) याच गाडीतून येतो, आईच्या मांडीवर. मूर्ती शाडूची. त्यामुळे ही कुरकुर घेऊन मूर्ती आणायला जायची आईची तयारी नाही. १८ हजार घालू का?

---

सतराचा पाना

घालू नका. निदान अजून तरी नको.

गाडीची उंची शॉकप ठरवत नाही, स्प्रिंग ठरवते. तुम्हीच झोपाळ्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो. झोपाळ्यावर बसलेल्याचं वजन कड्या पेलतात. झोका थांबवायला आपण जमिनीला पाय टेकवतो, तो पाय म्हणजे शॉकप. पाय टेकवला नाही तर झोका हलत राहील, पण झोपाळा खाली येणार नाही. गॅस भरलेला शॉकप गाडीला किंचित वर ढकलतो हे खरं, पण त्याने अडीच सेंटीमीटरचा फरक पडत नाही. शॉकप गेला तर गाडी उसळत राहते, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजतो, शॉकपच्या नळीवर तेल ओघळलेलं दिसतं. यातलं काही आहे का? बोनेट दाबायची परीक्षा फारशी भरवशाची नाही. शॉकप पार मेलेला असेल तरच ती बोलते.

आता मोजमाप. जमिनीपासून मोजलंत तर त्यात टायरची हवाही मोजली जाते. आधी चारही टायरांत सारखी हवा भरा. डिकी रिकामी करा. गाडी दोन हात पुढे-मागे ढकला, हँडब्रेक सोडलेला ठेवा आणि चारही कोपरे एकेकदा दाबून सोडा, म्हणजे गाडी आपल्या जागेवर बसेल. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर कमानीच्या कडेपर्यंत मोजा. चारही चाकं मोजा, फक्त पुढची नकोत. नंतर गाडी त्याच जागी उलट्या तोंडाने उभी करून परत मोजा. फरक गाडीबरोबर फिरला तर दोष गाडीत, जागेलाच चिकटून राहिला तर जमिनीत. कोकणात सपाट जागा शोधण्यापेक्षा हे सोपं.

आणि कुरकुर आणि 'टंग' हे दोन वेगळे आवाज आहेत. एकाच वहीत लिहू नका.

---

कुडाळचो झिल

आमच्याकडचो मिस्त्री सांगता, गाडी नेहमी ड्रायव्हराच्या अंगान बसता. तुमची उलट्या अंगान बसली हा, म्हणजे कायतरी येगळा आसा. माका वाटता उजवीकडेच बघा.

---

निवांत काका

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर मिळतात, चारशे-पाचशेला जोडी. डावीकडे एक टाका, गाडी सरळ. मी सहा वर्षं वापरतोय.

---

सतराचा पाना

@निवांत काका, तुमच्या गाडीत टिकलेत हे तुमचं नशीब. बफर टाकला की दोन वेढे एकमेकांना जखडले जातात, म्हणजे स्प्रिंगचा तेवढा भाग काम करायचा थांबतो आणि त्याचा भार बाकीच्या वेढ्यांवर जातो. शिवाय रबर आणि लोखंड यांच्या मध्ये माती आणि पाणी साचून रंग घासला जातो, आणि गंज तिथूनच सुरू होतो. आणि मुळात डावी बाजू खाली गेलीय की उजवी वर आलीय हे कळायच्या आधी डावीकडे पाचर मारायची, हे औषध की जादूटोणा?

---

निवांत काका

बरं बाबा. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

म्हावरंवाला (हर्णै)

गंजाचा विषय निघालाच आहे तर आमचा अनुभव. माझी गाडी व्हॅन प्रकारातली, मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. रोज पहाटे बंदरावरून मासळीच्या पेट्या. बर्फ वितळतो आणि खारट पाणी फटीफटीतून खाली. पाटे एकमेकांवर घासून करकरायला लागले म्हणून एकाच्या सांगण्यावरून जुनं इंजिन ऑइल पाजलं. आठ दिवस शांतता, नंतर दुप्पट करकर. तेलाला रेती चिकटली आणि पाट्यांच्या मध्ये पॉलिश पेपर तयार झाला.

दुसऱ्या वेळी गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालतेय असं मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने सांगितलं. पाट्यांच्या मधोमध असतो तो सेंटर बोल्ट तुटला होता. तो तुटला की पाटा ॲक्सलवरच्या जागेवरून सरकतो आणि मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत राहत नाहीत. यू बोल्टनी धरून ठेवलं होतं म्हणून निभावलं.

आता रोज संध्याकाळी खालून गोडं पाणी मारतो. खास करून जिथे माती साचते तिथे. मातीत मीठ मुरलेलं असतं आणि माती कधी पूर्ण सुकत नाही.

पाहुण्यांना सांगा: हौसेने गाडी पुळणीवर नेऊ नका. टायर रुतणं हा त्यातला लहान त्रास आहे.

---

रानभाजी (देवरूख)

मागच्या वर्षी माझ्याही गाडीत असाच आवाजांचा तमाशा झाला होता. त्यात शिकलेल्या दोन-तीन युक्त्या.

टकटक असेल तर आधी स्टॅबिलायझरचा (डावं-उजवं चाक जोडणाऱ्या बारचा) लिंक रॉड. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढवली की आवाज नाही किंवा कमी, आणि एकच चाक खड्ड्यात गेलं की टकटक, म्हणजे बहुतेक तोच. दोन्ही चाकं एकत्र वर गेली की तो बार पिळला जात नाही, त्यामुळे लिंकवर ताण येत नाही. माझ्या गाडीची जोडी दीड हजारात झाली. गॅरेजने आधी स्टिअरिंग रॅक सांगितला होता!

चालत्या गाडीत खडखड येत असताना ब्रेकला पाय नुसता टेकवा. आवाज बंद झाला तर सस्पेन्शन नाही, कॅलिपरमध्ये ब्रेक पॅड हलतायत.

पूर्ण स्टिअरिंग वळवून रेस दिल्यावर कट-कट-कट असेल तर तो ॲक्सलचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर कमी-जास्त होणारी घूं म्हणजे चाकाचं बेअरिंग.

पण बॉल जॉइंटशी (लोअर आर्म आणि चाक यांच्यातल्या सांध्याशी) खेळू नका. माझ्या मामेभावाचा निखळला. नशीब असं की फेरीबोटीतून उतरून धोपाव्याच्या चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. चाक पाय मुरगळल्यासारखं बाहेर पडलं. हेच हायवेवर झालं असतं तर हा प्रतिसाद मी लिहीत नसते.

---

खाजणकाठ

सगळ्यांचे आभार. आज दुपारी पाऊस उघडला तेव्हा मोजलं.

पहिला धक्का: डाव्या पुढच्या टायरात ३३ च्या जागी २४ पीएसआय. सगळीकडे सारखी हवा भरून चाकाच्या मध्यापासून मोजलं. घराकडे तोंड करून पुढे उजवं ३७९, डावं ३६१. मागे उजवं ३६६, डावं ३६४. गाडी फिरवून पुढे ३७७ आणि ३६१, मागे तसंच. म्हणजे जमिनीचा वाटा एखाद्या मि.मी.चा, टायरचा सहाएक मि.मी.चा, आणि गाडीचा १६ ते १८.

तेल कुठेच ओघळलेलं नाही. टायरची झीज सारखी आहे.

पाण्याची बाटली घेऊन एक प्रयोगही केला. मेहुणा बंपर दाबत होता, मी एकेका रबरावर पाणी ओतत होतो. उजव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशवर (रबरी सांध्यावर) पाणी पडल्याबरोबर कुरकुर थांबली! पाच मिनिटांनी परत सुरू. नवा आर्म, नवं बुश आणि तेच कुरकुरतंय?

---

सतराचा पाना

वा! अर्धं निदान तुमच्या बाटलीनेच केलं.

मागचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत ही चांगली गोष्ट. चौरंगाचा एक पाय आखूड असला की तिरका समोरचा पाय उचलला जातो, तसं गाडीतही होतं. मागची डावी स्प्रिंग बसली की पुढचं उजवं वर दिसतं. तुमच्याकडे तसं नाही, त्यामुळे मागचा भाग सोडून द्या.

आता एकच प्रश्न. लोअर आर्म बसवताना गाडी लिफ्टवर होती का? आणि आतले बोल्ट चाक लटकत असतानाच आवळले का?

---

खाजणकाठ

लिफ्टवरच होती. मी समोर चहा पीत उभा होतो. गनने टर्रर्र करून आवळले आणि गाडी खाली घेतली. का?

---

सतराचा पाना

मग हे वाचा.

लोअर आर्मचं बुश म्हणजे एकात एक दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये रबर. रबर दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. बाहेरची नळी आर्ममध्ये ठोकून बसवलेली, आतली नळी बोल्ट आवळला की चॅसीला जखडलेली. आर्म वर-खाली होतो तेव्हा नळीवर नळी फिरत नाही, मधलं रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. म्हणून बोल्ट ज्या स्थितीत आवळाल ती रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. चाक लटकत असताना आवळला, की गाडी खाली घेतल्या घेतल्या रबर पिळून ओला पंचा होतं आणि तसंच राहतं. ते सतत आर्मला खाली आणि गाडीला वर ढकलत राहतं. कोपरा काही मि.मी. उंच दिसतो, रबर कुरकुरतं आणि वर्ष-दोन वर्षांत चिरतं. मग लोक म्हणतात, हल्लीचे पार्ट्स दोन नंबरचे.

गाडी चाकांवर, पूर्ण वजनावर उभी हवी. बोल्ट सैल करायचे, गाडी दोन-चारदा दाबायची, पुढे-मागे ढकलायची आणि तशाच स्थितीत टॉर्क रेंचने आवळायचे. किती आवळायचे ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, अंदाजाने नाही. गाडीखाली उभं राहून काम करायला खड्डा असलेलं गॅरेज शोधा, तिथे हे काम सोपं. घरी जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. घोडी (गाडी उचलून धरणारा स्टँड) लावली तरी या कामाला उपयोग नाही, कारण चाकं परत लटकणारच.

बुशला ग्रीस, डिझेल, ऑइल काही लावू नका. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

---

कुडाळचो झिल

उजवीकडेच बघा सांगितलंय ना! मिस्त्र्याक कळवतंय.

---

खाजणकाठ

शृंगारतळीला एसटीतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक काका आहेत, त्यांच्याकडे जुना खड्डा आहे. त्यांना वरचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाले, "हे लिहिणारा कधीतरी हात काळे केलेला माणूस आहे."

खड्ड्यावर गाडी उभी केली. काकांनी मागच्या बोल्टचं नट पाऊण फेरा सैल केलं तेव्हा 'कट्' असा आवाज झाला आणि उजवा कोपरा आमच्या डोळ्यांदेखत किंचित खाली बसला. पुढचा बोल्टही तसाच. दाबलं, ढकललं, आवळलं. उजवं आता ३७२. कुरकुर शून्य. खर्च दोनशे रुपये, आणि तेही मीच बळेबळे दिले.

डावं अजून ३६१. फरक ११ उरलाय. आणि 'टंग' आहे तसाच.

---

सतराचा पाना

'टंग'कडे वळू. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवायचं. दुसऱ्याने डाव्या स्प्रिंगवर बाहेरून तळहात ठेवायचा. वेढ्यांच्या मध्ये बोट अजिबात घालू नका. स्प्रिंग अडकून एकदम उडी मारतेय असं हाताला लागलं तर दोन शक्यता: स्प्रिंगचं वरचं टोक जिथे टेकतं त्या माउंटचं बेअरिंग गंजून जाम झालंय, नाहीतर स्प्रिंगच तुटलीय. माउंटचं बेअरिंग उंचीत ११ मि.मी. खाणार नाही. म्हणून खालची बशी धुऊन बघा. शेवटचा वेढा बशीत बसतो, तिथे आपली लाल माती थापलेली असते आणि तुटलेला तुकडा तिच्यात लपून बसतो.

---

खाजणकाठ

पाइप घेऊन धुतलं. पहिली दहा मिनिटं नुसता लाल काढा. मग स्क्रूड्रायव्हरने उकरलं तर बशीत एक वितीएवढा तुकडा नुसता पडलेला! तुटलेल्या तोंडाचा पाऊण भाग काळपट तपकिरी, जुना गंज. उरलेली कड मात्र राखाडी, दाणेदार, ताजी. म्हणजे चीर बऱ्याच आधीची आणि शेवटचा तुकडा पडला अलीकडे. कदाचित त्याच खड्ड्यात, कदाचित नंतर.

वर राहिलेल्या स्प्रिंगचं टोकदार तोंड आणि टायर यांच्यात दोन बोटांचं अंतर आहे. फोटो काढताना हात थरथरला.

---

रानभाजी

गाडी हलवू नका!! ते टोक सरकून टायरला लागलं तर टायर क्षणात फाटतो. काकांनाच घरी बोलवा किंवा गाडी टोइंगने न्या.

---

सतराचा पाना

रानभाजी ताईंशी शंभर टक्के सहमत.

स्प्रिंगा पुढच्या दोन्ही बदला. एक नवी आणि एक नऊ वर्षांची घातलीत तर महिनाभरात परत इथेच धागा काढाल. घेताना गाडीचा नेमका मॉडेल सांगा. पेट्रोल आणि डिझेलच्या स्प्रिंगा बाहेरून सारख्या दिसतात, पण डिझेल इंजिन जड असल्याने तिची पुढची स्प्रिंग कडक असते. वेढ्यांवर रंगाचे ठिपके असतात ते जुन्याशी जुळवा. भंगारवाल्याकडची एक पेट्रोलची, एक डिझेलची अशी जोडी बसवलेल्या गाड्या मी पाहिल्यात.

वरच्या माउंटचं बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं रबर बघून घ्या. सगळं उघडणारच आहे तर बेअरिंग नवंच टाका. शॉकप मात्र तुमचे तेच राहू द्या, दोन वर्षांचे आहेत आणि कोरडे आहेत.

आणि हे काम घरी करायच्या भानगडीत कोणीही पडू नये. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबल्याशिवाय वरचं मधलं नट उघडलं तर स्प्रिंग तोफेसारखी सुटते. यात माणसं गेलीत.

काम झाल्यावर अलाइनमेंट परत करावं लागेल. आर्मचे बोल्ट सैल केलेत आणि उंचीही बदलतेय.

---

निवांत काका

पॉपकॉर्न संपलं. खरं सांगू का, तो तुकड्याचा फोटो बघून सकाळी माझी गाडी धुतली आणि दोन्ही बफर काढले. एका बफरखाली वेढा नखाने सोलता येतोय. नवीन जोडीची चौकशी करतोय, मॉडेल व्यनि (खाजगी निरोप) करतो.

---

खाजणकाठ

झालं एकदाचं. स्प्रिंगांची जोडी आणि माउंटची बेअरिंगं चिपळूणहून एसटीच्या पार्सलने आली. काका अवजारं घेऊन घरीच आले. मजुरीसकट सगळे मिळून साडेसात हजार. पुढे उजवं ३७५, डावं ३७४. काका म्हणतात नव्या स्प्रिंगा थोड्या बसतील, महिन्याने परत मोज. अलाइनमेंट काल केलं.

आज सकाळी आई शेजारी बसली, मांडीवर रिकामा पाट घेऊन. तालीम! शाळेपर्यंत जाऊन आलो. मोडकाआगरच्या उतारावर म्हणाली, "आता कसली तरी टकटक येतेय." माझ्या पोटात गोळा. उतरून बघतो तर पाटाखाली तिच्या पर्समधल्या किल्ल्या.

पहिल्या गॅरेजला फोन केला होता. भांडायला नव्हे, बोल्ट चाकांवर आवळायचे असतात एवढं सांगायला. म्हणाले, "आम्ही वीस वर्षं असंच करतोय."

---

म्हावरंवाला

छान काम झालं. ती जुनी स्प्रिंग टाकू नका. आमच्या इथला लोहार स्प्रिंगच्या पोलादाचा कोयता करून देतो, धार वर्षभर हलत नाही. नारळ सोलायला बघा.

---

खाजणकाठ

@म्हावरंवाला, उशीर झाला. काका आधीच घेऊन गेले.